शेल तेल, दुहेरी बंध आणि एनएमआरची मोजणी

माझ्या नोंदवहीच्या एका जुन्या पानावर एनएमआरचे, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनाचे, दोन वर्णपट शेजारी शेजारी चिकटवलेले आहेत, एक प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाचा, आणि एक कार्बन-१३चा. तेल एकाच बाटलीतले, यंत्र एकच, दिवसही एकच. पण दोन्ही वर्णपटांखाली मी लिहिलेले ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारख्या कड्यांतल्या, कार्बनचे प्रमाण एकमेकांशी जुळत नाही. त्या वेळी मी हा फरक यंत्राच्या मर्यादेवर ढकलला, दोन्ही आकड्यांची सरासरी काढली आणि ती अहवालात लिहून मोकळा झालो. दोन्ही आकडे चुकीचे होते, दोन्ही एकाच कारणाने चुकीचे होते आणि सरासरी काढल्यामुळे ती चूक कमी न होता झाकली गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. नमुना शेल तेलाचा होता आणि चुकीचे मूळ त्यातल्या दुहेरी बंधांत होते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण ‘शेल तेल’ हे नाव दोन अगदी वेगळ्या द्रवांना दिले जाते. अमेरिकेतील बाकेन किंवा ईगल फर्ड यांसारख्या शेल स्तरांतून, आडव्या विहिरी खोदून आणि खडक पाण्याच्या दाबाने फोडून जे तेल काढतात, ते निसर्गातच तयार झालेले कच्चे तेल असते. त्याला जागा मिळाली नाही म्हणून ते खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून राहिलेले असते, एवढेच. दुसऱ्या प्रकारात तेल तयार झालेलेच नसते. कोलोरॅडो, यूटा आणि वायोमिंग येथील ग्रीन रिव्हर स्तर, एस्टोनियातील कुकरसाइट किंवा चीनमधील फुशुन येथील खडक यांत केरोजेन नावाचा घन सेंद्रिय पदार्थ असतो. हा खडक भट्टीत हवेशिवाय सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की केरोजेनच्या साखळ्या तुटतात आणि त्यांची वाफ थंड करून जे मिळते तेही शेल तेलच. भूगर्भात लाखो वर्षे मंद आचेवर जे घडले असते ते भट्टीत काही तासांत उरकले जाते आणि त्या घाईची खूण तेलात राहते. लांब साखळी तुटताना तिच्या तुकड्याला पुरेसा हायड्रोजन मिळाला तर त्याचे अल्केन होते, नाही मिळाला तर टोकाला दुहेरी बंध असलेले अल्कीन होते. त्यामुळे अशा तेलाचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे वाफ नळीतून सोडून घटक वेगळे करण्याच्या पद्धतीचा, आलेख पाहिला, तर प्रत्येक कार्बनसंख्येपाशी शिखरांची जोडी दिसते, आधी १-अल्कीन आणि त्याला लागूनच सरळ साखळीचे अल्केन. निसर्गात मुरलेल्या कच्च्या तेलात अशा जोड्या जवळजवळ कधीच आढळत नाहीत. माझ्या बाटलीत हे भट्टीतले तेल होते आणि मी त्याला कच्च्या तेलाचे गणित लावले होते.

क्रोमॅटोग्राफी इतके स्पष्ट दाखवत असताना एनएमआरकडे वळावेच कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की क्रोमॅटोग्राफ फक्त त्याच्या नळीतून वाफ होऊन जाणारे रेणू दाखवतो आणि त्यातही ज्यांची शिखरे वेगळी पडतात त्यांचीच नावे सांगता येतात. जड अंशात हजारो समघटक (सूत्र एक, रचना वेगळी असे रेणू) एकमेकांवर चढून आलेखाखाली एक मोठे टेकाड तयार होते आणि जे उकळतच नाही ते नळीच्या तोंडाशीच अडकते. एनएमआरला रेणूंची नावे सांगता येत नाहीत, पण ते अणू मोजते आणि मोजताना हलका रेणू, जड रेणू असा भेद करत नाही. द्रावणात जेवढे प्रोटॉन आहेत तेवढे सगळे, योग्य काळजी घेतल्यास, वर्णपटात आपापल्या वाट्याचे क्षेत्रफळ घेऊन हजर असतात. हजारो घटकांच्या मिश्रणासाठी मला हा गुण नावांपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र मोजणी कोणाची झाली, हे वर्णपट आपणहून सांगत नाही.

हायड्रोकार्बन आणि एनएमआर यांचे नाते या तंत्राच्या जन्मापासूनचे आहे. डिसेंबर १९४५मध्ये पर्सेल, टोरी आणि पाउंड या भौतिकशास्त्रज्ञांनी घन पदार्थातील अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन प्रथम टिपले, तेव्हा त्यांच्या उपकरणाच्या पोकळीत भरलेला पदार्थ साधे पॅराफिन मेण हा होता. त्याच सुमारास स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या गटाने हाच परिणाम पाण्यात पाहिला आणि १९५२चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्लॉख व पर्सेल यांना विभागून मिळाले. या मंडळींना रस होता तो अणुकेंद्रांच्या गुणधर्मांत. रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले ते १९५१मध्ये, जेव्हा अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचे एक शिखर तीन शिखरांत उलगडून दाखवले आणि त्यांची क्षेत्रफळे रेणूतील तीन प्रकारच्या हायड्रोजनच्या संख्येप्रमाणे, म्हणजे १, २ आणि ३ या प्रमाणात असल्याचे दिसले. शेल तेलाचे आजचे सगळे विश्लेषण या एका निरीक्षणावर उभे आहे.

तत्त्व थोडक्यात असे. प्रोटॉन किंवा कार्बन-१३चे केंद्रक चुंबकीय क्षेत्रात ठरावीक कंप्रतेला ऊर्जा शोषते. प्रोटॉनसाठी ही कंप्रता दर टेस्लामागे ४२.५८ मेगाहर्ट्‌झ आहे, म्हणून ९.४ टेस्लाच्या चुंबकाला आपण ४०० मेगाहर्ट्‌झचे यंत्र म्हणतो. केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला थोडा आडोसा देतात आणि हा आडोसा शेजाऱ्यांवर अवलंबून असल्यामुळे कंप्रतेत दशलक्षांशात मोजावा इतका बारीक फरक पडतो. यालाच रासायनिक शिफ्ट म्हणतात आणि ती टेट्रामेथिलसिलेनचे शिखर शून्यावर धरून पीपीएममध्ये वाचतात.

शेल तेलाचा प्रोटॉन वर्णपट काही मिनिटांत मिळतो. तेलाचे काही थेंब ड्युटेरियमयुक्त (म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे, गाळून नळीत भरायचे आणि यंत्रात सोडायचे. गाळण्याचा कंटाळा करू नये, कारण भट्टीतून आलेल्या तेलात राखेचे बारीक कण असतात आणि त्यातले लोह शिखरे पसरवून टाकते. वर्णपटात ०.५ ते १ पीपीएमदरम्यान साखळ्यांच्या टोकांचे मेथिल (CH₃) प्रोटॉन, १ ते २दरम्यान मेथिलीन (CH₂) व मेथाइन (CH) प्रोटॉन, सुमारे २ ते ४दरम्यान ॲरोमॅटिक कड्याला लागून असलेल्या कार्बनवरचे अल्फा प्रोटॉन, ४.५ ते ६.५दरम्यान दुहेरी बंधावरचे प्रोटॉन आणि ६.५ ते ९दरम्यान ॲरोमॅटिक कड्यावरचे प्रोटॉन दिसतात. सगळ्यात उंच शिखर १.२६ पीपीएमच्या आसपास असते. ते लांब साखळ्यांतल्या मेथिलीनचे. ग्रीन रिव्हरच्या तेलात ते इतके उंच असते की बाकीचा वर्णपट पाहायचा तर त्याचा माथा कागदाबाहेर जाऊ द्यावा लागतो.

या वर्णपटावरून ॲरोमॅटिक कार्बन काढण्याची जी रीत मी वापरली होती ती ब्राउन आणि लॅडनर यांची, १९६० सालची, मुळात कोळशापासून मिळणाऱ्या पदार्थांसाठी तयार केलेली. त्या काळी कार्बन-१३चा वर्णपट घेणे व्यवहारात शक्य नव्हते, म्हणून त्यांनी कार्बनची मोजणी हायड्रोजनच्या आडून केली. एकूण कार्बन आणि हायड्रोजन मूलद्रव्य-विश्लेषणातून घ्यायचे, प्रोटॉन वर्णपटातून ॲलिफॅटिक, म्हणजे ॲरोमॅटिक कड्यांबाहेरच्या, एकेरी बंधांच्या कार्बनवरचे, हायड्रोजन किती ते पाहायचे, दर ॲलिफॅटिक कार्बनमागे दोन हायड्रोजन असतात असे धरून ॲलिफॅटिक कार्बन काढायचे, आणि जे कार्बन उरतील ते ॲरोमॅटिक समजायचे. कोळशाच्या अर्कासाठी ही युक्ती सुरेख आहे. पण ‘जे उरतील ते ॲरोमॅटिक’ या शब्दांतच शेल तेलाचा घात आहे.

उदाहरणादाखल शुद्ध १-हेक्झाडेसीन घेऊ. त्यात १६ कार्बन आणि ३२ हायड्रोजन असतात. त्यांपैकी ३ हायड्रोजन दुहेरी बंधावर, २९ ॲलिफॅटिक. दर कार्बनमागे दोन या हिशेबाने १४.५ कार्बन ॲलिफॅटिक ठरतात, उरलेले १.५ ॲरोमॅटिक. म्हणजे ज्या द्रवात एकही कडे नाही तो ९.४ टक्के ॲरोमॅटिक आहे असा निष्कर्ष निघतो. आता हेच तेल कार्बन-१३च्या वर्णपटावर तपासू. दुहेरी बंधाचे दोन कार्बन ११४.१ आणि १३९.२ पीपीएमला येतात आणि सगळे ॲरोमॅटिक क्षेत्र १०० ते १६० पीपीएम असे एकगठ्ठा मोजले तर १६पैकी २ कार्बन, म्हणजे १२.५ टक्के, ॲरोमॅटिक खाती जमा होतात. दोन पद्धती, दोन आकडे, दोन्ही खोटे, आणि खरा आकडा शून्य. माझ्या त्या पानावरच्या विसंगतीची ही लहान प्रतिकृतीच म्हणायची. जाता जाता हेही सांगतो की शुद्ध हेक्झाडेकेनला, म्हणजे १६ कार्बन आणि ३४ हायड्रोजनच्या सरळ अल्केनला, हीच रीत लावली तर ॲलिफॅटिक कार्बन १७ भरतात आणि ॲरोमॅटिक कार्बन उणे सव्वासहा टक्के येतो. साखळी लांब असली तरी तिच्या टोकांना प्रत्येकी तीन हायड्रोजन असतात, हे ‘दर कार्बनमागे दोन’ या गृहीतकात बसत नाही. अल्केनमुळे आकडा खाली ओढला जातो, अल्कीनमुळे वर ढकलला जातो आणि दोन्ही चुका एकमेकींना अंशतः खाऊन टाकतात. त्यामुळे शेवटचा आकडा असा काही विश्वासार्ह दिसतो की शंका येऊ नये.

प्रोटॉन वर्णपटात याहून लबाड अशी आणखी एक अडचण आहे. दुहेरी बंधाला लागून असलेल्या मेथिलीनचे प्रोटॉन सुमारे २.०४ पीपीएमला येतात, म्हणजे नेमके जिथे ॲरोमॅटिक कड्यालगतच्या अल्फा प्रोटॉनांची हद्द सुरू होते त्या उंबरठ्यावर. हद्दीची रेघ २.०वर मारली तर ते ॲरोमॅटिकचे शेजारी म्हणून मोजले जातात आणि कड्यांवर आहेत त्यापेक्षा जास्त बाजूसाखळ्या दिसू लागतात. ही दुरुस्ती मात्र वर्णपटातूनच करता येते. १-अल्कीनच्या प्रत्येक रेणूत दुहेरी बंधावर तीन आणि लगतच्या मेथिलीनवर दोन प्रोटॉन असतात, म्हणून टोकाच्या दुहेरी बंधाच्या क्षेत्रफळाच्या दोन-तृतीयांश इतके क्षेत्रफळ अल्फा विभागातून वजा करायचे. दुहेरी बंध साखळीच्या मध्ये असेल तर त्यावर दोन आणि लगत चार प्रोटॉन असतात, तेव्हा दुप्पट वजा करायचे. कोणता प्रकार किती आहे हेही दिसते, कारण टोकाच्या बंधाची शिखरे ४.९ ते ५.० आणि ५.८ पीपीएमला असतात, तर मधल्या बंधाची ५.४च्या आसपास. पहिल्या दोहोंची क्षेत्रफळे २ आणि १ या प्रमाणात भरली की मोजणी सरळ चालली आहे असे समजायला हरकत नाही.

ती तशी भरली नाहीत तर काय? कुकरसाइटच्या तेलात हा प्रसंग हमखास येतो. सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या ऑर्डोव्हिशियन काळातल्या या खडकाच्या तेलात फिनॉल वर्गाची (ॲरोमॅटिक कड्यावर हायड्रॉक्सिल, म्हणजे OH, गट असलेली) संयुगे भरपूर असतात, आणि फिनॉलच्या हायड्रॉक्सिल प्रोटॉनचे शिखर क्लोरोफॉर्ममध्ये बऱ्याचदा ४.५ ते ६ पीपीएमच्या टापूतच भटकत असते. द्रावण पातळ केले की ते एकीकडे सरकते, दाट केले की दुसरीकडे. अशा वेळी नळीत जड पाण्याचा एक थेंब टाकून ती हलवावी. हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन ड्युटेरियमशी अदलाबदल करून वर्णपटातून नाहीसा होतो आणि दुहेरी बंधाचा प्रोटॉन जागचा हलत नाही. शिवाय ७.२६ पीपीएमला क्लोरोफॉर्मचे स्वतःचे शिल्लक शिखर असते. ते ॲरोमॅटिक विभागातून वजा करायला विसरणारे मी अनेक पाहिले आहेत आणि सुरुवातीला मीही त्यांतलाच होतो.

कार्बन-१३चा वर्णपट अधिक प्रामाणिक, पण अधिक संयम मागणारा. निसर्गातल्या कार्बनपैकी जेमतेम १.१ टक्के कार्बन-१३ असतो आणि त्याचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. दोन्ही मिळून त्याचा संदेश प्रोटॉनच्या जवळजवळ ५,७०० पटींनी दुबळा पडतो. त्यामुळे एका वर्णपटासाठी हजारो वेळा रेडिओलहरींचा स्पंद देऊन बेरीज करावी लागते. इथे घाई केली की मोजणी कोसळते. ज्या कार्बनवर हायड्रोजन नाही, उदाहरणार्थ ॲरोमॅटिक कड्यांच्या सांध्यावरचे कार्बन, ते प्रत्येक स्पंदानंतर मूळ स्थितीत यायला दहा-दहा सेकंद घेतात, कधी त्याहूनही जास्त; मेथिलीनचे कार्बन मात्र काही सेकंदांत तयार असतात. पुढचा स्पंद लवकर दिला तर सावकाश येणारे मागे राहतात आणि ॲरोमॅटिक कार्बन कमी भरतो. मूळ स्थितीत परतण्याच्या या वेगाचे माप म्हणजे शिथिलन काळ; त्याच्या पाचपट थांबले तर ९९ टक्क्यांहून अधिक संदेश परत आलेला असतो. एवढे थांबणे परवडत नाही म्हणून द्रावणात क्रोमियम ॲसिटिलॲसिटोनेट नावाचे जांभळे संयुग किंचित मिसळतात. त्यातल्या विषम इलेक्ट्रॉनांमुळे सगळेच कार्बन लवकर शांत होतात. दुसरी काळजी प्रोटॉनच्या विलगीकरणाची, म्हणजे प्रोटॉनांमुळे कार्बनची शिखरे फाटू नयेत म्हणून त्यांना दिलेल्या विकिरणाची. प्रोटॉनला सतत विकिरण देत राहिले तर ज्या कार्बनवर हायड्रोजन आहेत त्यांचा संदेश फुगतो आणि ज्यांवर नाहीत त्यांचा फुगत नाही, म्हणून हे विकिरण फक्त संदेश नोंदवतानाच चालू ठेवायचे आणि प्रतीक्षेच्या काळात बंद करायचे. या दोन गोष्टी न पाळता घेतलेला कार्बन वर्णपट दिसायला देखणा असतो आणि त्याची क्षेत्रफळे निरुपयोगी असतात.

नीट घेतलेल्या कार्बन वर्णपटात शेल तेल वाचायला मात्र खरोखर आनंद होतो. सरळ साखळीच्या टोकाचे मेथिल १४.१ पीपीएमला, त्याच्या शेजारचा कार्बन २२.७ला, तिसरा ३१.९ला, चौथा २९.४च्या जवळ आणि टोकापासून पाचव्या स्थानापासून पुढचे सगळे मेथिलीन २९.७च्या एका उंच शिखरात. साखळीच्या पोटातल्या कार्बनना आपले टोक कुठे आहे याचा पत्ता नसतो, म्हणून ते सगळे एकाच ठिकाणी बोलतात. यावरून साखळीची सरासरी लांबी काढता येते. प्रत्येक अल्केनला दोन टोके, म्हणून साखळ्यांच्या एकूण क्षेत्रफळाला १४.१च्या क्षेत्रफळाने भागून दोनाने गुणायचे. कच्च्या तेलातून वेगळ्या काढलेल्या मेणाला हे चालते. शेल तेलात १-अल्कीनला मात्र असे मेथिल एकच असते आणि दुसऱ्या टोकाला ११४.१चा कार्बन. समजा दोन रेणू हेक्झाडेकेनचे आणि एक १-हेक्झाडेसीनचा असे मिश्रण आहे. एकूण कार्बन ४८, १४.१ला ५ आणि ११४.१ला १. नुसत्या मेथिलने भागले तर सरासरी लांबी १९.२ येते; ११४.१चे टोकही मोजले तर ४८ला ६ टोकांनी भागून आणि दोनाने गुणून १६ येते, जी खरी आहे. कड्याला जोडलेल्या लांब बाजूसाखळ्यांनाही मेथिलचे टोक एकच असते, त्यांचाही हिशेब वेगळा धरावा लागतो. तिथे कड्यालगतचा कार्बन ३६ पीपीएमच्या जवळ शोधायचा.

ॲरोमॅटिक कार्बनची दुरुस्तीही या ११४.१नेच होते. ते ॲरोमॅटिक गर्दीच्या कडेला, बरेचसे एकटे उभे असते, तर त्याचा जोडीदार १३९.२ला ॲरोमॅटिक कार्बनांत मिसळून गेलेला असतो. दोघे एकाच बंधाचे असल्यामुळे त्यांची संख्या सारखीच, म्हणून ११४.१च्या क्षेत्रफळाची दुप्पट एकगठ्ठा क्षेत्रफळातून वजा केली की टोकाचे दुहेरी बंध गेले. मधले बंध १३० पीपीएमच्या आसपास, म्हणजे ॲरोमॅटिक गर्दीच्या ऐन मध्यावर असतात. त्यांची संख्या प्रोटॉन वर्णपटातल्या ५.४च्या शिखरावरूनच आणावी लागते. म्हणून शेल तेलासाठी दोन्ही वर्णपट घेऊन त्यांचा एकत्र हिशेब करावा, असे माझे मत झाले आहे. तेलांतील ॲरोमॅटिक कार्बन व हायड्रोजन मोजण्यासाठी एएसटीएम या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेची डी ५२९२ ही प्रमाण पद्धत आहे आणि ती आपल्या जागी चांगली आहे, पण भट्टीतल्या तेलावर ती वापरताना दुहेरी बंधांचा विचार आपण स्वतः करायचा असतो.

तेल होण्यापूर्वीच्या खडकाबद्दलही एनएमआर काही सांगते. केरोजेन कशातच विरघळत नाही, म्हणून खडकाची पूड करून ती चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवतात आणि प्रोटॉनचे चुंबकत्व कार्बनकडे वळवून संदेश वाढवतात. मिळणारा वर्णपट द्रवाच्या तुलनेत ओबडधोबड असतो. ॲलिफॅटिक कार्बनचा एक उंचवटा, ॲरोमॅटिकचा एक, बस. पण १९७८मध्ये मॅसिएल, बार्टुस्का आणि मिकनिस यांनी दाखवून दिले की या पहिल्या उंचवट्याचे क्षेत्रफळ आणि भट्टीत तो खडक किती तेल देईल, यांचा सरळ संबंध आहे. तेल देतो तो मुख्यतः ॲलिफॅटिक कार्बन. ॲरोमॅटिक कार्बन बराचसा कोळशासारखा होऊन खडकातच राहतो. हा संबंध अगदी काटेकोर मात्र नाही, कारण तापवताना काही ॲलिफॅटिक कार्बन वायू होऊन निसटतो आणि काहींची कडी बनतात.

पहिल्या प्रकारच्या, म्हणजे शेलमध्ये अडकलेल्या नैसर्गिक तेलासाठी वेगळेच यंत्र लागते. तिथे प्रश्न रेणूंच्या रचनेचा नसून खडकाच्या छिद्रात तेल किती आणि पाणी किती हा असतो. त्यासाठी प्रयोगशाळेत साधारणपणे २ ते २० मेगाहर्ट्‌झची, कायम चुंबकाची यंत्रे वापरतात आणि विहिरीत उतरवायच्या उपकरणांचीही कंप्रता याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. क्षेत्र दुबळे असल्याने रासायनिक शिफ्ट दिसतच नाही, दिसतो तो केवळ संदेश विरून जाण्याचा वेग. चुंबकत्व मूळ दिशेला परतण्याच्या काळाला टी-१ आणि आडव्या दिशेतला संदेश विरण्याच्या काळाला टी-२ म्हणतात. पाण्यासारख्या चपळ द्रवात दोन्ही जवळपास सारखे असतात. घट्ट डांबरासारख्या पदार्थात रेणू सावकाश हलतात, टी-२ आखूड होत जातो आणि टी-१ तसा होत नाही, त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर वाढते. आडव्या अक्षावर टी-२ आणि उभ्या अक्षावर टी-१ मांडून केलेल्या नकाशात मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी कर्णाच्या, म्हणजे दोन्ही काळ समान असलेल्या रेघेच्या, जवळ आणि सेंद्रिय छिद्रांतले जड तेल त्याच्या बरेच वर दिसते. केरोजेनचा टी-२ तर काही दशक मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून नेहमीच्या प्रतिध्वनी पद्धतीत त्याचा संदेश नोंदणी सुरू होण्याआधीच संपलेला असतो. या नकाशावर जिकडेतिकडे बोट ठेवून ‘हे तेल, हे पाणी’ असे सांगणाऱ्यांचा आत्मविश्वास मला नेहमी थोडा जास्त वाटतो. खनिजांतले लोह आणि मँगनीज दोन्ही काळ आखूड करतात, आणि नमुना वर आणताना दाब कमी झाल्यामुळे हलके हायड्रोकार्बन आधीच उडून गेलेले असतात. मोजतो आपण ते मागे राहिलेले.

भट्टीतल्या तेलाकडे परत येतो, कारण दुहेरी बंध मोजण्याचा व्यवहारात उपयोग तिथेच आहे. अल्कीन आणि नायट्रोजनची संयुगे एकत्र असली की तेल साठवणीत काळवंडते आणि त्यात चिकट गोंद जमतो. ग्रीन रिव्हरच्या तेलात वजनाने सुमारे २ टक्के नायट्रोजन असतो, जो सामान्य कच्च्या तेलाच्या मानाने फारच जास्त आहे. म्हणून शुद्धीकरणाआधी अशा तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करावी लागते आणि किती हायड्रोजन लागेल याचा अंदाज ४.५ ते ६.५ पीपीएमचा विभाग पाहून बांधता येतो. प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा प्रोटॉन वर्णपट एकावर एक ठेवला, तर हा विभाग सगळ्यात आधी सपाट झालेला दिसतो. ॲरोमॅटिक विभाग बराच वेळ टिकून राहतो आणि ८.५ पीपीएमच्या आसपासची, पिरिडीनसारख्या कड्यांतील नायट्रोजनलगतच्या प्रोटॉनांची इवलीशी शिखरे तर आणखी चिवट असतात. नायट्रोजन एकूण किती आहे हे मात्र वर्णपटावरून ठरवू नये, त्यासाठी मूलद्रव्य-विश्लेषणच करावे.

माझ्या त्या नमुन्याचे पुन्हा मोजमाप करायचे ठरवले तेव्हा बाटलीतल्या तेलाच्या तळाशी काळा गोंद साचला होता आणि वरचा द्रव पूर्वीचा राहिला नव्हता, तेव्हा नव्या वर्णपटाला अर्थ उरला नाही. उरली होती ती नोंदवही. प्रोटॉनच्या वर्णपटाखाली विभागवार क्षेत्रफळे लिहिलेली असल्यामुळे त्यातला हिशेब दुरुस्त करता आला. कार्बनच्या वर्णपटाखाली मी १०० ते १६० पीपीएमचे क्षेत्रफळ एकाच आकड्यात लिहून ठेवले होते आणि मूळ संगणकीय नोंद जपलेली नव्हती. कागदावर मात्र ११४.१ला, गर्दीच्या उजव्या कडेला, एक बारीक सरळ शिखर स्पष्ट उभे आहे. तेव्हा मी ते द्रावकातली अशुद्धी समजून सोडून दिले होते, आणि तशी नोंदही शेजारी माझ्याच अक्षरात आहे.